तेल्यांची एफडी आणि विणकरांचं देऊळ : श्रेणी नावाची जुनी सिस्टीम

लोकलच्या गर्दीत इअरफोनमधून आकडे कळत नाहीत, असं बऱ्याच जणांचं म्हणणं असतं. त्यांच्यासाठी ही या एपिसोडची लिखित आवृत्ती. बोलताना येणारे "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत, सगळे गेलेले नाहीत.

आज सुरुवात थेट हिशोबाने करू.

२००० नाणी आहेत. महिन्याला शेकडा १ व्याज. म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आता २० माणसं आहेत आणि प्रत्येकाला वर्षाला कपड्यांसाठी १२ नाणी द्यायची आहेत. २० गुणिले १२, किती? २४०. एक नाणं उरत नाही, एक कमी पडत नाही.

हे गणित शाळेच्या पुस्तकातलं नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत, १० नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात ते दगडात कोरलेलं आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं. पैसे देणारा उषवदात, हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. २० माणसं म्हणजे त्या लेण्यात पावसाळ्याचा वर्षावास करणारे बौद्ध भिक्षू. आणि पैसे ठेवले कुणाकडे? सासऱ्यांच्या खजिन्यात ठेवले असतील असं आपल्याला वाटेल. तर नाही. ते ठेवले गोवर्धनच्या विणकरांकडे. नाशिकजवळ गोवर्धन नावाचं गाव आजही आहे.

मी दिवसा सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे माझं डोकं लगेच एका प्रश्नावर अडकलं. राजाच्या जावयाने आपले पैसे कापड विणणाऱ्यांकडे का ठेवावेत? त्या लोकांकडे असं काय होतं, जे राजाच्या तिजोरीकडे नव्हतं? आजचा एपिसोड या एका प्रश्नाचा आहे.

श्रेणी म्हणजे फर्स्ट क्लास नाही

"श्रेणी" म्हटलं की आपल्याला मार्कशीट आठवते. प्रथम श्रेणी, द्वितीय श्रेणी. जुन्या काळात मात्र श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांची संघटना. विणकरांची श्रेणी, तेल्यांची श्रेणी, धान्य व्यापाऱ्यांची, बांबूकाम करणाऱ्यांची, काशाची भांडी घडवणाऱ्यांची. तिला स्वतःचे नियम, स्वतःचा प्रमुख, स्वतःची मालमत्ता. अशा व्यापारी मंडळींच्या प्रमुखाला श्रेष्ठी म्हणत. तोच शब्द झिजत झिजत आपला "शेठ" झाला.

स्मृतिग्रंथांत श्रेणींसाठी चक्क कायदा आहे. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की राजाने श्रेणींचे आपापले नियम सांभाळावेत. आणि समूहाचं धन जो लाटेल किंवा समूहाचा करार मोडेल, त्याचं सर्वस्व जप्त करून त्याला देशाबाहेर घालवावं. बृहस्पतीच्या नावावरच्या स्मृतीत समूहाचं हित बघायला दोन, तीन किंवा पाच माणसं नेमावीत असं येतं. म्हणजे आजच्या भाषेत कार्यकारिणी, उपविधी आणि अफरातफरीला शिक्षा, तिन्ही गोष्टी हजर.

ही मंडळी धर्मस्थळांना आधार द्यायची ते मुख्यतः तीन तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा, हातातलं कसब देणं. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर एक छोटा लेख आहे. विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे शिल्पकाम केलं, एवढंच तो सांगतो. हस्तिदंतावर बारीक नक्षी करणारे हात दगडावर चालले. तोरण जवळून बघितलं की ते पटतं.

दुसरी तऱ्हा, वास्तू बांधून देणं. आपल्या जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचा लेख आहे. जुन्नर म्हणजे नाणेघाटाच्या डोक्यावरचं मार्केट. कोकणातल्या बंदरांतून माल घाटावर यायचा तो तिथूनच. धान्यवाल्यांकडे पैसा होता, याचं आश्चर्य नको.

तिसरी तऱ्हा सगळ्यात भारी, आणि आजचा मुख्य विषय तीच. दुसऱ्याने दिलेल्या दानाचा सांभाळ करणं. कायमचा.

अक्षयनीवी, म्हणजे न मोडणारी एफडी

नीवी म्हणजे मुद्दल. अक्षयनीवी म्हणजे जिचा क्षय होत नाही अशी ठेव. आपण एफडी करतो, पाच वर्षांनी मोडतो आणि फोन घेतो. इथे मोडायची सोयच नाही. मुद्दल श्रेणीकडे कायम राहणार, परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. नाशिकच्या लेखात हे स्पष्ट लिहिलंय.

उषवदाताने एकूण ३००० कार्षापण ठेवले. २००० एका विणकर श्रेणीकडे शेकडा १ दराने, त्याचा हिशोब आपण वर बघितलाच. उरलेले १००० विणकरांच्याच दुसऱ्या एका श्रेणीकडे, दर शेकडा पाऊण. म्हणजे महिन्याला साडेसात, वर्षाला ९०. हे भिक्षूंच्या इतर खर्चासाठी. धंदा एकच, गाव एकच, पण दोन श्रेणी आणि दोन वेगळे दर. मला यात सरळ वाटाघाट दिसते. कुणीतरी समोरासमोर बसून दर ठरवलाय.

आणि पुढची पायरी बघा. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, सर्वांसमोर ऐकवला गेला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला गेला. मग दगडावर कोरला. एकाच नोंदीच्या दोन प्रती, शिवाय अख्खी सभा साक्षीला. आम्ही सर्व्हरचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवतो, तसंच. फरक एवढाच, की त्यांचा बॅकअप जवळपास १९०० वर्षं टिकलाय.

श्रेणीला यात काय मिळायचं?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण नुसत्या पुण्यावर सिस्टीम चालत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात महिन्याला शेकडा सव्वा हा धर्म्य, म्हणजे रास्त व्याजदर सांगितलाय. वर्षाचे झाले १५ टक्के. व्यापारी कर्जाला महिन्याला ५ टक्के, जंगलातून माल नेणाऱ्याला १०, समुद्रावर जाणाऱ्याला २०. जोखीम जास्त तसा दर जास्त. आता गोवर्धनच्या विणकरांचे दर बघा. वर्षाला १२ आणि ९ टक्के. रास्त दरापेक्षाही कमी. त्यात मुद्दल परत करायची तारीखच नाही.

धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा, कमी व्याजाचं आणि कधीच परत न मागितलं जाणारं भांडवल म्हणजे काय असतं. सूत घ्या, माग वाढवा, उधारीवर माल सोडा. फक्त दरवर्षी ठरलेली रक्कम भिक्षूंना पोहोचली पाहिजे. दात्याला खात्री, संघाला कायमचं उत्पन्न, विणकरांना भांडवल. तिघांचंही भागतं.

आणखी एक फायदा, जो दिसत नाही पण असतो. एकदा राजाच्या जावयाने तुमच्याकडे पैसे ठेवले आणि ते दगडावर कोरलं, की पुढचा गिऱ्हाईक तुमच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. याहून चांगला रिव्ह्यू कुठला?

पुढे तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने नाशिकलाच आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेव ठेवली. तिने पैसे एकाच ठिकाणी न ठेवता वेगवेगळ्या धंद्यांच्या श्रेणींत विभागले. त्यात तेल गाळणारेही होते. सगळे पैसे एकाच म्युच्युअल फंडात टाकू नका, असं आपल्याला आज जो तो सांगतो. विष्णुदत्ताबाईंना ते तेव्हाच कळलेलं होतं.

दिव्याचं तेल आणि करारातली कलमं

आतापर्यंतची उदाहरणं बौद्ध लेण्यांची झाली. आता देवळाकडे वळू.

उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात इंदोर नावाचं गाव आहे. सांभाळून, होळकरांचं इंदूर वेगळं. या गावात गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळातला ताम्रपट सापडला. गुप्त संवत १४६, म्हणजे इ. स. ४६५-६६. गावाचं तेव्हाचं नाव इंद्रपूर. तिथे दोन क्षत्रिय व्यापाऱ्यांनी सूर्याचं देऊळ उभारलं होतं. देवविष्णू नावाच्या ब्राह्मणाने त्या देवळात रोज दिवा लागावा म्हणून दान दिलं. ते दान ठेवलं तेल्यांच्या श्रेणीकडे. श्रेणीचा प्रमुख जीवंत.

या करारातली कलमं वाचताना मला आमच्या कंपनीची काँट्रॅक्ट्स आठवत होती.

एक. व्याज पैशात नाही, तेलात. रोज वजनाने दोन पल तेल. हा आकडा ताम्रपटावर आधी शब्दात आणि मग अंकात दिलाय, आपण चेकवर लिहितो तसा. खाडाखोडीला जागाच नाही. तेल्यांनाही सोयीचं, कारण बाजारभावाने विकत आणायचं नाही, आपल्याच घाण्यावरचं द्यायचं.

दोन. मुदत चंद्र-सूर्य असेपर्यंत. लाइफटाइम व्हॅलिडिटी म्हणा.

तीन, आणि हे माझं आवडतं कलम. श्रेणी हे गाव सोडून दुसरीकडे राहायला गेली तरी ठेव तिच्याकडेच राहील. अट एकच, श्रेणी एकत्र राहिली पाहिजे. म्हणजे करार जागेशी नाही, माणसांच्या एकीशी बांधलेला आहे. ऑफिस बदललं तरी चालेल, टीम फुटता कामा नये.

चार. मोडणाऱ्याला शाप. गाय, गुरू किंवा ब्राह्मण मारल्याचं पाप. आज आपल्याला हसू येईल, पण तेव्हा याच्याइतकी जड पेनल्टी दुसरी नव्हती.

आता इथे जरा थांबू. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाने कुणाकडून दान घेऊ नये याची यादी आहे. त्यात खाटीक आहे, दारू गाळणारा आहे आणि तेलाचा घाणा चालवणाराही आहे. एक घाणा म्हणजे पापाच्या हिशोबात दहा कत्तलखाने, असा तिथला दर आहे. पुस्तकात हे असं. आणि इंद्रपूरचा हा ब्राह्मण आपलं दान, आपल्या पुण्याची कायमची सोय कुणाच्या हातात देतो? घाणा चालवणाऱ्यांच्या.

समाजात तेल्यांना कमी लेखणं यामुळे संपलं, असं मी म्हणत नाही. ते संपलं नाही, पुढे शेकडो वर्षं चाललं. पण जिथे खरा प्रश्न "उद्या, परवा, माझ्यामागे हा दिवा कोण लावेल?" असा होता, तिथे देवविष्णूने पोथीतली उतरंड न बघता भरवशाची माणसं बघितली. "देवळं राजांनी बांधली" हे वाक्य आपण सहज बोलून जातो. त्या वाक्यात दिव्याचं तेल रोज कुठून येत होतं हे येत नाही. आणि तेल आणणारी माणसंही येत नाहीत.

वचन दिलं, पण पाळलं का?

शिलालेख म्हणजे करार. करार झाला म्हणजे काम झालं असं नसतं, हे आयटीत काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सही एका दिवसात होते, मेंटेनन्स मात्र वर्षानुवर्षं करावा लागतो. त्यासाठी मंदसोरची गोष्ट बघू, कारण तिथे दोन तारखा मिळतात.

मध्य प्रदेशातलं मंदसोर म्हणजे जुनं दशपूर. तिथे सापडलेल्या शिलालेखात वत्सभट्टी नावाच्या कवीने रेशीम विणणाऱ्यांच्या एका श्रेणीची हकिकत सांगितली आहे. ही मंडळी मूळची लाट देशाची, म्हणजे दक्षिण गुजरातची. दशपूरच्या राजांचं नाव ऐकून ती तिकडे गेली. आधी मनाने गेली आणि मग मुलाबाळांसह, नातेवाइकांसह खरीखुरी गेली, असं कवी म्हणतो. पुण्याहून बंगळूरला किंवा तिथून आणखी लांब गेलेल्यांना हे "आधी मनाने" बरोबर कळेल.

नव्या गावात सगळे विणतच राहिले असंही नाही. कुणी धनुर्विद्येत तरबेज झालं, कुणी ज्योतिषात, कुणी कथा सांगण्यात, कुणी धर्मचर्चेत, कुणी लढाईत नाव काढलं. बाकीचे आपल्या मागावर. थोडक्यात, करिअर स्विच. काही अभ्यासकांना यात श्रेणी विस्कटू लागल्याची खूण दिसते. पण पुढे काय झालं ते बघा.

मालव संवत ४९३ मध्ये, इ. स. ४३७ च्या सुमारास, या श्रेणीने धंद्यातून साठवलेल्या पैशातून दशपुरात सूर्याचं भव्य देऊळ बांधलं. तेव्हा सम्राट होता कुमारगुप्त आणि दशपुरात राज्य करत होता बंधुवर्मा. पौष शुद्ध त्रयोदशीला देऊळ पूर्ण झालं. कवीने लेखात रेशमाची जाहिरातही करून घेतली आहे. बाई कितीही तरुण आणि देखणी असो, विडा, फुलं सगळा साज असो, रेशमी वस्त्रांची जोडी नेसल्याशिवाय ती प्रियकराला भेटायला निघत नाही, असा त्याचा भावार्थ. देवळाच्या भिंतीवर प्रॉडक्ट प्लेसमेंट!

मग काळ गेला. दुसरे राजे आले आणि गेले. देवळाचा एक भाग ढासळला. मालव संवत ५२९, फाल्गुन शुद्ध द्वितीया. पहिल्या तारखेनंतर ३६ वर्षांनी देवळाची दुरुस्ती झाली. कुणी केली? त्याच श्रेणीने.

३६ वर्षं म्हणजे एक अख्खी पिढी. पहिल्या बांधकामाला ज्यांनी पैसे घातले त्यातले बरेच जण तोवर गेलेले असणार. काही घरांत माग बंद पडून धनुष्य आलं असेल, पंचांग आलं असेल. तरीही देऊळ पडायला लागल्यावर "हे आपलं आहे" म्हणणारं कुणीतरी शिल्लक होतं, आणि ते एकेकट्याने नाही, श्रेणी म्हणून पुढे आलं. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळतं. राजाची तिजोरी मोठी असते, पण राजा बदलला की तिच्या चाव्या बदलतात. श्रेणीत माणसं बदलतात, पण जबाबदारी पुढच्या माणसाकडे सरकते. उषवदाताला हे पक्कं ठाऊक असणार. त्याच्या सासऱ्याचं राज्य गौतमीपुत्र सातकर्णीने बुडवलं. कापड विणणं मात्र चालूच राहिलं.

मग हे कुठे गेलं?

एका दिवसात संपलं नाही. पण इसवी सनाच्या सहाव्या शतकानंतर देवळांना थेट जमिनी आणि गावं दान देण्याचं प्रमाण खूप वाढलं. देवळाकडे स्वतःची शेती आली, स्वतःचे कारभारी आले. ठेव सांभाळायला बाहेरच्या विणकराची, तेल्याची गरज कमी झाली.

हा फरक ग्वाल्हेरला चांगला दिसतो. किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा लेख आहे. गणितवाल्यांना तो माहीत असतो, कारण शून्याचं चिन्ह आज आपण वापरतो तसं त्यात आहे, २७० आणि ५० या आकड्यांत. आम्ही कोडिंगवाले शून्यापासून मोजणारे, त्यामुळे शून्य म्हटलं की हा लेख हमखास पुढे येतो. पण ते आकडे कशाचे आहेत हे क्वचितच कुणी सांगतं. २७० म्हणजे देवासाठी दिलेल्या फुलबागेची लांबी, हातांत. रुंदी १८७ हात. आणि ५० म्हणजे देवाला रोज द्यायच्या फुलांच्या माळा. जगप्रसिद्ध शून्य हे फुलबागेच्या आणि माळ्यांच्या रोजच्या कामाच्या हिशोबातलं आहे!

त्याच लेखात तेलीही आहेत. प्रत्येक घाण्यामागे महिन्यातून एकदा, शुद्ध नवमीला, पळीभर तेल द्यायचं असं ठरलंय. फरक लक्षात आला का? इंद्रपुरात तेली हे ठेवीचे विश्वस्त होते. ग्वाल्हेरला घाण्यामागे ठरलेला वाटा देणारे. दिवा दोन्हीकडे लागतो, पण व्यवहारातली जागा बदलली.

आपल्याकडे अजूनही बऱ्याच गावांत जत्रेला तेलाचा मान एकाचा, फुलांचा दुसऱ्याचा, पालखीच्या खांद्याचा तिसऱ्याचा असतो. मुंबई-पुण्यात वाढलेल्यांना ती नुसती प्रथा वाटते. पुढच्या जत्रेला गेलात तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढं विचारा, की हा मान कुणी, कधी आणि कशाच्या बदल्यात ठरवला. कुठे वहीत, कुठे दगडावर, कुठे नुसती आजोबांच्या तोंडी नोंद असेल. तीन वर्षं जुन्या कोडला कुणी मालक उरत नाही अशा जगात मी काम करतो. ३६ वर्षांनी परत येऊन दुरुस्ती करणाऱ्या विणकरांचा मला म्हणूनच हेवा वाटतो.

तुमच्या गावचा असा एखादा मान माहीत असेल, तर व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकू. तोवर, राम राम!